वर्कशॉपच्या दारात गप्प होणारा आवाज : तो वॉरंटीत कसा दुरुस्त करून घ्यायचा

गेल्या नोव्हेंबरात माझ्या गाडीला थंडी वाजायला लागली. सकाळी साडेसहाला सोसायटीच्या गेटबाहेरच्या पहिल्या गतिरोधकावर पुढून 'कुर्रर्र' असा आवाज यायचा, जुन्या वाड्याचं दार ढकलावं तसा. दुसऱ्या गतिरोधकावर पुन्हा. पाथर्डी फाट्यावरून अंबडला पोहोचेपर्यंत तीन-चारदा. आणि अकरा वाजता, उन्हं चढल्यावर, वर्कशॉपात नेली की गाडी मुकाट. तीन फेऱ्या मारल्या. तिन्ही वेळा कागदावर एकच शेरा : 'तपासणी केली, आवाज आढळला नाही.' चौथ्या फेरीत आवाज सापडला, पार्ट वॉरंटीत बदलून मिळाला आणि खिशातला एक रुपया गेला नाही. चौथ्या वेळी मी जे केलं ते पहिल्याच वेळी सुचलं असतं तर दोन महिने वाचले असते. पहिलीच नवी गाडी घेतलेल्यांसाठी ते सगळं इथं क्रमानं लिहितो.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. वॉरंटीत पार्ट बदलला की त्या पार्टचे आणि मजुरीचे पैसे डीलर कंपनीकडे मागतो. काढलेला पार्ट कंपनी तपासू शकते आणि तो चांगला निघाला तर क्लेम नाकारू शकते. मग तो खर्च डीलरच्या अंगावर. त्यामुळे 'मला आवाज येतो' एवढ्या सांगण्यावर कुणी पार्ट बदलत नाही. त्यांच्या माणसानं तो आवाज स्वतःच्या कानांनी ऐकावा लागतो. मधूनच येणाऱ्या आवाजाच्या बाबतीत तुमचं काम एवढंच : तो हुकमी वाजवून दाखवायचा.

कोणत्या आवाजासाठी थांबायचं नाही

ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर, स्टिअरिंग वळवताना हाताला जाणवणारा खटका, वेगाबरोबर वाढणारी घरघर आणि सोबत थरथर, किंवा इंजिनातली ठोकठोक आणि ऑइलचा लाल दिवा. यातलं काही असेल तर हे वाचणं सोडा, गाडी कडेला घ्या आणि रोडसाइड असिस्टन्सला फोन करा. वह्या आणि नोंदी त्या आवाजांसाठी, जे जीवावर उठत नाहीत, नुसतं डोकं खातात.

पहिलं काम : डिकी रिकामी करा

आमच्या शेजारच्या काकांची गाडी दर वळणावर मागून 'धप्प' करायची. शॉकअप गेला असं ठरवून त्यांनी वर्कशॉपची वेळसुद्धा घेतली होती. निघाला वणीच्या गडावरून आणलेला नारळ, स्टेपनीच्या खड्ड्यात जाऊन बसलेला.

तेव्हा आधी डिकी पूर्ण मोकळी करा. स्टेपनीचा मधला बोल्ट हातानं आवळून बघा. जॅक आणि पाना आपापल्या खाचेत घट्ट बसलेत का बघा. नव्या गाडीतही जॅकचा स्क्रू कधी कधी सैल असतो. मग ग्लोव्ह बॉक्स, चष्म्याचा कप्पा, दारांच्या खणांतली सुटी नाणी. मागची सीट दुमडता येत असेल तर तिची कडी 'खट्' करून पुरती बसली आहे का ते पाहा. मागं कुणी बसत नसेल तेव्हा सीट बेल्टचं बक्कल खांबाच्या प्लॅस्टिकवर टकटक करत राहतं; बेल्ट लावून टाका आणि एक चक्कर मारून या. पार्सल ट्रे काढून घरात ठेवा. नंबर प्लेट बोटानं वाजवून बघा.

बाहेरून बसवलेल्या वस्तू, म्हणजे दारावरचे रेन व्हायजर, मड फ्लॅप, जाड मॅट, मोबाइलचा स्टँड, हेही दोन दिवस काढता येतील तेवढे काढा. वर्कशॉपात पहिलं बोट तिकडेच जाणार आहे. तुम्ही आधीच काढून तपासलं असेल तर ती चर्चा एका वाक्यात मिटते.

दुसरं : आवाजाला नाव द्या

इथं मराठी माणसाची चंगळ आहे. आवाजांना आपल्याकडे जेवढे शब्द आहेत तेवढे वर्कशॉपच्या कॉम्प्युटरमध्येही नसतील. ते नीट वापरा.

खुळखुळ म्हणजे डब्यात काहीतरी सुटं आहे. कुरकुर किंवा करकर म्हणजे रबर किंवा प्लॅस्टिक एकमेकांवर घासतंय : खाली बुश (दांड्याभोवतीचं रबर), आत डॅशबोर्ड, बाजूला दाराचं रबर. बारीक खडबडीत रस्त्यावर दहा-वीसच्या वेगात टकटक-टकटक येत असेल तर सस्पेन्शनमध्ये कुठेतरी किंचित ढिलाई असते. स्टॅबिलायझर म्हणजे वळणावर गाडीला फार कलू न देणारा आडवा दांडा; त्याचा लिंक रॉड हा त्यातला नेहमीचा संशयित. मोठ्या खड्ड्यात एकच 'धाड' आली तर नजर शॉकअपच्या वरच्या माउंटिंगकडे जाते. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घेताना कट-कट-कट असा ठेका आला तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. ठरावीक आरपीएमलाच (इंजिनाच्या फेऱ्यांच्या वेगाला) पत्र्याची झिर्रर्र आली आणि वर-खाली गेल्यावर थांबली तर सायलेन्सरवरची उष्णतारोधक पत्री. थंड इंजिन चालू केल्यावर 'चीं' करून थांबणारा बहुधा पट्टा. ऐंशीच्या पुढे शिट्टी येत असेल तर हवा कुठून तरी वाट काढते आहे.

साठ-सत्तरच्या वेगात 'घों' असा सलग आवाज असेल तर बेअरिंग की टायर, हा जुना घोळ. सोपी परीक्षा : मोकळ्या, रुंद रस्त्यावर स्टिअरिंग हलकेच डावीकडे, मग उजवीकडे घ्या. एका बाजूला गाडी कलल्यावर आवाज वाढला आणि दुसरीकडे कमी झाला तर बेअरिंगवर संशय. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाजाचा पोतच बदलला तर टायर.

पण हे ज्ञान स्वतःजवळ ठेवा. सर्व्हिस ॲडव्हायझरला, म्हणजे वर्कशॉपात तुमची तक्रार लिहून घेणाऱ्या माणसाला, 'लिंक रॉड गेलाय' असं सांगितलंत तर ते लिंक रॉड हलवून बघतात, तो घट्ट असतो, 'लिंक रॉड ओके' असं लिहून गाडी परत देतात. पहिल्या फेरीत मी हेच केलं होतं. तुम्ही आवाज सांगा, पार्ट त्यांना शोधू द्या.

शिवाय काही आवाज गाडीचा स्वभावच असतात. चालू करून निघाल्यावर पहिल्या काही मीटरमध्ये येणारा एक खटका हा बऱ्याच गाड्यांत एबीएसची (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) स्वतःची तपासणी असते. गाडी बंद केल्यावर खालून येणारं टिंग-टिंग म्हणजे थंड होणारा सायलेन्सर. एसीचा कॉम्प्रेसर लागताना-सुटताना 'टक्' करतो, सीएनजीवर इंजेक्टर टिकटिकतात, रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला डिस्कवरचा गंज खरवडते. शंका असेल तर वर्कशॉपात तुमच्याच मॉडेलची दुसरी गाडी मागा आणि तिच्यात तोच आवाज येतो का ऐका. येत असेल तर लढाई तिथंच सोडा.

तिसरं : आवाजाचं वेळापत्रक

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. एक छोटी वही गाडीत ठेवा, किंवा मोबाइलमध्ये लिहा. दर वेळी आवाज आला की तारीख, वेळ, किलोमीटर, वेग, रस्ता कसा होता, गाडी सुरू करून किती वेळ झाला, हवा थंड की गरम, गाडीत किती माणसं, एसी चालू की बंद. आणि आवाज आला नाही तेही लिहा. माझ्या वहीत सोळा दिवसांच्या नोंदी झाल्यावर जे दिसलं ते मला तोंडी कधीच सांगता आलं नव्हतं : सकाळी आठच्या आत रोज, दुपारी कधीच नाही, आणि ढगाळ हवेमुळे रात्री गारठा कमी पडला त्या दोन दिवशी सकाळीही नाही. म्हणजे थंडीशी संबंध. नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊक आहेच, डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो. त्या गारठ्यात रबर कडक होतं, ऊन लागलं की नरम पडतं.

जागा शोधायला माणसं लागतात. चालवणाऱ्याला आवाजाची दिशा नीट कळत नाही, कारण बंद गाडीत तो काचांवर आपटून कुठूनही आल्यासारखा वाटतो. एका रविवारी सकाळी मी आईला घेऊन निघालो. आधी तिला पुढं बसवलं, मग मागं डावीकडे, मग उजवीकडे. गतिरोधक आला की दोघांनी गप्प बसायचं, असं ठरलं होतं. तिसऱ्या गतिरोधकानंतर ती म्हणाली, "अरे, तू म्हणतोस तसा डॅशबोर्डमधून नाही येत हा. पुढं बसले होते तेव्हा पायाखालून येत होता, मधोमध. आणि चाक चढताना नाही, उतरताना." मी दोन महिने डॅशबोर्डचं प्लॅस्टिक दाबत फिरत होतो.

मग एकेक गोष्ट बदलून बघा, एका वेळी एकच. एसी आणि पंखा बंद. ब्रेक पायानं हलकेच दाबून त्याच रस्त्यावरून जा. आवाज थांबला तर ब्रेक पॅडच्या आसपास शोधा. इंजिनचा आवाज वेगळा काढायचा तर मोकळ्या, सपाट रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करून बघा. इंजिन मात्र चालत्या गाडीत बंद करू नका, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात. काचा खाली करून एखाद्या लांबलचक कंपाउंड वॉलला लागून हळू चालवा. चाकाचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि मोकळ्या मैदानापेक्षा कितीतरी स्पष्ट ऐकू येतो. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत सुट्टीच्या दिवशी अशा भिंती आणि रिकामे रस्ते हवे तेवढे.

शेवटी तुमचा 'वाजवायचा रस्ता' ठरवा. शहराच्या मधून जाणाऱ्या महामार्गाच्या उड्डाणपुलाचे सांधे एकसारख्या अंतरावर आहेत. शॉकअपच्या ठोक्यांना ते बरे. बारीक टकटकीला जुन्या नाशकातल्या भद्रकालीच्या गल्ल्या किंवा पेव्हर ब्लॉकचा कुठलाही तुकडा. चढावर ओझं घेऊन येणारा आवाज असेल तर पेठच्या वाटेवरचा सावळघाट, किंवा चार माणसं बसवून कसारा. पण हा रस्ता वर्कशॉपपासून दहा मिनिटांच्या आत असलेला बरा. कोणताही ॲडव्हायझर तुमच्यासोबत कसाऱ्याला येणार नाही.

चौथं : रेकॉर्डिंग

मोबाइल शेजारच्याच्या हातात द्या, स्वतः चालवताना धरू नका. नुसतं ऑडिओ घेण्यापेक्षा व्हिडिओ घ्या : वेगाचा काटा दिसतो, रस्ता दिसतो, वेळ आपोआप नोंदली जाते. रेडिओ बंद, पंखा बंद, काचा बंद. आवाज आला की मोठ्यानं 'आत्ता' म्हणा. एक क्लिप वीस-तीस सेकंदांची, पाच-सहा क्लिप, वेगवेगळ्या दिवसांच्या. डॅशकॅम असेल तर त्याचा आवाज चालू आहे का बघा. विसरून बंद ठेवलेला असतो. रेकॉर्डिंगनं पार्ट बदलून मिळत नाही, पण तुम्ही भ्रमात नाही हे समोरच्याला पटतं.

पाचवं : वॉरंटीचं पुस्तक

गाडीच्या कागदांबरोबर येणारं ते पातळ पुस्तक कुणी उघडत नाही. एकदा उघडा. मुदत वर्षांत आणि किलोमीटरमध्ये, दोन्हींत दिलेली असते, आणि जे आधी संपेल ते धरतात. ३ वर्षे किंवा १,००,००० किमी असं लिहिलेलं असेल आणि तुम्ही रोज नाशिक-मुंबई करत असाल तर तीन वर्षांचं स्वप्न बघू नका.

मग काय वगळलंय ते वाचा. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, बल्ब हे झिजणारे भाग बहुतेक ठिकाणी बाहेर असतात. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्यांच्या त्यांच्या कंपनीची असते. बुश आणि इतर रबरी भागांसाठी काही पुस्तकांत वेगळी, कमी मुदत असते. आणि एक वाक्य बऱ्याच पुस्तकांत सापडेल : गाडीच्या गुणवत्तेवर किंवा कामावर परिणाम न करणारे सामान्य आवाज आणि कंपन वॉरंटीत बसत नाहीत. तुमचा सगळा वाद या एका वाक्याभोवती फिरणार आहे. म्हणून तक्रार करताना 'आवाज त्रासदायक आहे' म्हणू नका. 'हा आवाज पहिल्या आठ हजार किलोमीटरमध्ये नव्हता, अमुक तारखेपासून सुरू झाला, वाढतो आहे' असं म्हणा. सामान्य आवाज पहिल्या दिवसापासून असतो.

सर्व्हिस वेळेवर आणि अधिकृत ठिकाणी झालेली हवी. आवाजाच्या रागात बाहेरच्या गॅरेजवाल्याकडून काही खोलून घेऊ नका. 'भाऊ, फक्त बघ जरा' म्हणता म्हणता बोल्टवर पान्याचे ओरखडे उमटतात आणि पुढं वर्कशॉपात पहिला प्रश्न तोच निघतो. खड्ड्यात आदळून वाकलेला रिम किंवा आर्म हा वॉरंटीचा विषय नाही, झाला तर विम्याचा. पहिल्याच फेरीत गाडी लिफ्टवर घेतली की खालून फोटो काढून ठेवा. नंतर कुणी 'खालून मार लागलाय' म्हणालं तर कधी लागला ते बघता येतं.

मूळ वॉरंटी संपत आली असेल तर एक्स्टेंडेड वॉरंटीचा निर्णय ती संपायच्या आत घ्या, पण कोणते भाग तिच्यात नाहीत ते आधी वाचा. आणि तक्रार मुदतीच्या आत कागदावर आली पाहिजे, आवाज सापडो न सापडो. मुदतीत नोंदलेल्या तक्रारीसाठी नंतरही भांडता येतं. ज्याची नोंदच नाही त्याच्यासाठी फक्त विनवणी.

सहावं : वर्कशॉपची फेरी

सोमवार आणि शनिवार टाळा, तेव्हा सर्व्हिसच्या गाड्यांची जत्रा असते. आठवड्याच्या मधल्या दिवशी पहिली वेळ घ्या. वेळ घेताना 'सर्व्हिस' सांगू नका, 'आवाजाची तक्रार, ट्रायल हवी' असं सांगा. सर्व्हिसच्या दिवशी आवाजाची तक्रार जोडून दिली तर ती यादीत शेवटी जाते आणि संध्याकाळी धुतलेल्या गाडीबरोबर 'ओके' होऊन येते.

ॲडव्हायझर जॉब कार्डवर, म्हणजे गाडी घेताना बनवतात त्या कामाच्या कागदावर, ग्राहकाची तक्रार या रकान्यात बहुधा दोन शब्द टाइप करतो : 'समोर आवाज'. तिथं थांबवा. मी चौथ्या वेळी चिठ्ठीच लिहून नेली होती आणि जशीच्या तशी टाका म्हणालो. ती अशी : 'सकाळी ८ च्या आत, गाडी रात्रभर उघड्यावर उभी राहिल्यानंतर, १० ते १५ च्या वेगात गतिरोधक उतरताना पुढच्या बाजूला मधोमध खालून कुरकुर. दुपारी येत नाही. १२ नोव्हेंबरपासून, ८,४०० किमीला सुरू. याआधी ३ वेळा दाखवली.' ॲडव्हायझर पोरगा तरुण होता, वाचून म्हणाला, "सर, एवढं कुणी लिहून देत नाही." त्यानं टाइप केलं. कार्डाची प्रत घ्या आणि सही करण्याआधी वाचा. डाव्या हातानं सही करून चहा प्यायला जाणाऱ्यांचीच कार्डं कोरी असतात.

ट्रायलला स्वतः जा. आधी तुम्ही चालवा, त्यांचा माणूस शेजारी. आवाज आल्यावर जागा बदला. ॲडव्हायझरसोबत ट्रायल मारण्यात फारसा अर्थ नाही, त्याला गाडी पुढे द्यायची असते. फ्लोअर सुपरवायझर किंवा टेस्ट ड्राइव्ह करणारा सीनियर टेक्निशियन मागा. त्याच्याशी जरा माणुसकीनं बोला. दिवसभर ग्राहकांचे शब्द ऐकून कावलेला असतो तो, आणि वीस वर्षं ज्याचे कान गाड्यांना लागले आहेत त्याला नेमकी वेळ आणि नेमका रस्ता मिळाला तर तो पाच मिनिटांत बोट ठेवतो.

सातवं : गाडी मुक्कामाला ठेवा

थंडीतला आवाज असेल तर हाच उपाय. मी गाडी संध्याकाळी वर्कशॉपात सोडली, शेडमध्ये नको, बाहेर उघड्यावर उभी करा म्हणून सांगितलं, जॉब कार्डवर 'मुक्काम, सकाळी थंड असताना ट्रायल' असं लिहून घेतलं आणि सकाळी साडेसातला रिक्षानं तिथं हजर झालो. सीनियर टेक्निशियन आठला येतो म्हणाले, पण त्या दिवशी तो पावणेआठलाच आला, मफलर गुंडाळून. गाडी सुरू करून गेटबाहेरच्या गतिरोधकावरून नेली. चढली. उतरली. कुर्रर्र.

तो हसला, गाडी रिव्हर्स घेतली, पुन्हा उतरवली. पुन्हा कुर्रर्र. म्हणाला, "हा तर स्टॅबिलायझरच्या बुशचा." लिफ्टवर घेऊन त्यानं त्या आडव्या दांड्याला धरून ठेवणाऱ्या दोन रबरी बुशवर पाण्याचा फवारा मारला, गाडी खाली उतरवून बॉनेटवर दाबली : आवाज गायब. वाळल्यावर पुन्हा आला. सगळी तपासणी दहा मिनिटांची. आणि माझे दोन महिने.

याच धर्तीवर बाकीचे आवाज. इंजिन गरम झाल्यावर येणारा असेल तर वर्कशॉपला निघण्याआधी अर्धा तास चालवून थेट त्यांच्या दारात जा, इंजिन बंद करू नका. उन्हात तापल्यावर डॅशबोर्ड करकरत असेल तर दुपारी दोनला, गाडी उन्हात दोन तास उभी करून. पावसातला आवाज असेल तर इगतपुरीकडून भिजून आल्या आल्या. टाकी अर्धी असताना येत असेल तर अर्धी टाकी घेऊन जा.

'आवाज आढळला नाही' म्हणाले तर

भांडू नका, पण नुसते परतूही नका. तो शेरा कागदावर घ्या : कोणत्या वेळी, किती किलोमीटर ट्रायल घेतली, कुणी घेतली. असे तीन-चार कागद जमले की 'वारंवार तक्रार' सिद्ध होते आणि पुढं तोच तुमचा पुरावा. निघाल्यावर त्याच दिवशी वर्कशॉपच्या ईमेलवर दोन ओळी टाका, जॉब कार्डचा नंबर आणि तक्रार अजून कायम आहे एवढंच. व्हॉट्सॲपवरच्या बोलण्यावर विसंबू नका. ॲडव्हायझर नोकरी बदलतो आणि त्याच्याबरोबर तुमची चॅटही जाते.

पुढच्या वेळी दोन गोष्टी मागा. एक, चाकाजवळ आणि सस्पेन्शनवर चिमट्यानं लावायचे मायक्रोफोन. ते लावून गाडी चालवली की टेक्निशियनला हेडफोनमध्ये एकेका जागेचा आवाज वेगळा ऐकू येतो. प्रत्येक वर्कशॉपात नसतात, विचारायला काय जातं. दोन, कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरची भेट. डीलर आणि कंपनी वेगळे असतात हे अनेकांना माहीतच नसतं. कंपनीचा हा माणूस ठरावीक दिवशी डीलरकडे येतो. त्याची तारीख घ्या आणि गाडी घेऊन हजर राहा. वॉरंटीच्या बाबतीत अडलेल्या बऱ्याच गोष्टी त्याच्या एका होकारावर सुटतात.

वॉरंटी कंपनीची असते, त्यामुळे दुसऱ्या अधिकृत वर्कशॉपातही जाता येतं. एकाच डीलरशी सूत जुळत नसेल तर बदला. जुनी जॉब कार्डं सोबत न्या.

वरच्या पायऱ्या

कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून तक्रार क्रमांक घ्या, मग त्याच क्रमांकावर ईमेल करा, सगळी कार्डं आणि क्लिप जोडून. उत्तराला पंधरा दिवस द्या. तरी हालचाल नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथं तक्रार नोंदली की ती कंपनीकडे पाठवली जाते. हे न्यायालय नव्हे, पण मोठ्या कंपन्यांच्या आतल्या चक्रांना यानं वेग येतो.

शेवटची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही जिथं राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनी कुठल्याही राज्यातली असो. नाशिककराला नाशिकचा आयोग चालतो. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा पातळीवर, आणि शुल्क किरकोळ : ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत जावं लागतं. ऑनलाइनही दाखल करता येते आणि वकील सक्तीचा नाही. कायद्यात तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. अपेक्षा आहे, एवढंच म्हणतो. गाडी धंद्यासाठी घेतलेली असेल तर 'ग्राहक' या व्याख्येत बसता का हा वाद निघतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर कायद्यात त्याला सूट आहे.

माझं प्रामाणिक मत : बुशच्या कुरकुरीसाठी आयोगापर्यंत जाऊ नका. गिअरबॉक्स, इंजिन किंवा स्टिअरिंगचा आवाज असेल, चार-पाच कार्डं जमली असतील आणि कंपनी दाद देत नसेल, तर जरूर जा.

दुरुस्ती झाल्यावर

काढलेला पार्ट बघायला मागा आणि फोटो घ्या. घरी नेता येणार नाही, वॉरंटीत बदललेला जुना पार्ट कंपनीचा होतो. माझे ते दोन बुश तळहातावर ठेवून बघितले : बाहेरून ठणठणीत, आतला भाग मात्र काचेसारखा चकचकीत झालेला, दांड्यावर घासून घासून. शून्य रुपयांचं असलं तरी बिल घ्या, त्यावर पार्टचं नाव आणि नंबर हवा. नव्या पार्टला सहसा गाडीच्या मूळ वॉरंटीचीच उरलेली मुदत मिळते, नवी सुरू होत नाही. बुशवर नुसतं ग्रीस मारून 'झालं' म्हणाले तर कार्डवर 'ग्रीस लावले' असंच लिहून घ्या. दोन आठवड्यांनी ग्रीस धुऊन गेलं की पुन्हा जायचंय.

मग आठ दिवस तोच रस्ता, तीच वेळ, तोच गतिरोधक. वही चालू ठेवा. आवाज परत आला तर नवी तक्रार लिहू नका, जुन्या जॉब कार्डचा नंबर सांगून 'रिपीट जॉब' म्हणून नोंदवायला सांगा. एकच काम परत आलं की त्याची मोजणी वर जाते, वर्क्स मॅनेजरला उत्तर द्यावं लागतं, आणि ट्रायलला या वेळी सीनियर टेक्निशियन तुम्हाला मागावा लागत नाही.